शेवटच्या घाटात झालेले बोलणे

जबाब

मी, सायकलस्वारांमध्ये 'नाटक्या' या नावाने ओळखला जाणारा, वय चौतीस वर्षे, धंदा व्यावसायिक सायकलस्वार, निळ्या संघाचा कर्णधार, राहणार स्टेशनमागची वसाहत, चौथा मजला, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. सायकलच्या शर्यतींवर माझे घर चालते. नाटक्या हे नाव मला बाकीच्या स्वारांनी ठेवले आहे. दमलेला नसताना दमल्याचे सोंग करायचे, मान लोंबवायची, तोंड उघडे टाकायचे आणि समोरचे गाफील झाले की सुटायचे, ही माझी पद्धत आहे. ती नियमात बसते. तक्रारदारांनी आपल्या तक्रारीत मला खोटारडा म्हटले आहे असे मला कळले, म्हणून हे मीच आधी सांगून टाकतो.

तक्रारदार हे लाल संघाचे मॅनेजर आहेत. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो त्याच संघातला स्वार आहे. त्याला सगळे इंजिन म्हणतात. जिंकणे हे त्याचे काम नाही. आपल्या कर्णधाराच्या पुढे राहायचे, वारा आपल्या अंगावर घ्यायचा, कर्णधाराला मागे आडोशाला ठेवून डोंगरावर जमेल तितके वर ओढत न्यायचे आणि मग बाजूला व्हायचे, हे त्याचे काम. फोटो कर्णधाराचे निघतात. या कामात त्याच्या तोडीचा माणूस मी पाहिलेला नाही.

इंजिनला मी लहानपणापासून ओळखतो. आम्ही एकाच क्लबात सायकल शिकलो. माझे घर लांब असल्याने तीन वर्षे मी त्याच्याकडे राहून सराव केला. त्याची आई इस्त्रीचे दुकान चालवत असे आणि दुकानाच्या वर दोन खोल्यांत ते राहत. मी तिला काकू म्हणायचो. सगळीकडे लोकांच्या पांढऱ्या चादरींचे गठ्ठे असायचे, त्यामुळे आम्ही दोघे चिखलाने माखून आलो की काकू आम्हाला जिन्यातच अडवायच्या आणि हातपाय धुतल्याशिवाय वर घ्यायच्या नाहीत. मला पहिली जर्सी मिळाली तेव्हा काकूंनी ती हौसेने इस्त्री केली. ते कापड इस्त्रीचे नव्हते. पाठीला हाताएवढे भोक पडले. काकू रडायला लागल्या, आणि आम्ही दोघे हसून हसून जमिनीवर लोळलो. ती शर्यत मी भोकासकट केली.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत इंजिन माझ्या संघात होता आणि माझ्यासाठी ओढत होता. मग आमच्या संघाने त्याचा करार पुढे वाढवला नाही. कोणीतरी त्याच्या कानात घातले की, कर्णधारालाच तू नको होतास. हे खरे नाही. त्याला काढल्याचे मला वर्तमानपत्रातून कळले. त्याने मला कधी विचारले नाही, आणि विचारल्याशिवाय खुलासा करायला मीही गेलो नाही. तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. शर्यतीत चाकाला चाक लावून दिवस दिवस चालायचो, पण शब्द नाही. काकूंचा मला अधूनमधून फोन यायचा. त्या या गोष्टीवर आल्या की मी तब्येतीचे विचारायचो. तब्येत बरी आहे म्हणायच्या.

घटनेच्या दिवशी शर्यतीचा सर्वांत अवघड टप्पा होता. एकूण वेळेत लाल संघाचा कर्णधार पहिला आणि मी दुसरा होतो. आमच्यात मिनिटाचेही अंतर नव्हते. शेवटच्या घाटात तो मागे पडला तर शर्यत माझी होणार होती. त्याला सांभाळायला त्याच्याजवळ इंजिन होता. माझ्या संघातले सगळे तोवर गळाले होते.

डोंगराच्या टप्प्याला सगळेच संघ स्वारांचे फोन सकाळी काढून घेतात आणि संध्याकाळी परत देतात. स्वाराच्या घरून काही निरोप असला तर तो मॅनेजरकडे येतो. इंजिनच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, त्या सकाळी मॅनेजरना फोन करून सांगितले की, काकूंना दवाखान्यात ठेवले आहे, डॉक्टरांनी मुलाला बोलावून घ्यायला सांगितले आहे. मॅनेजर "सांगतो" म्हणाले. वहिनींनी त्यानंतरही बऱ्याच वेळा फोन केला, तो उचलला गेला नाही. हे मला वहिनींनी नंतर सांगितले. मी स्वतः ऐकलेले नाही.

शेवटचा घाट सुरू झाला तेव्हा पुढे आम्ही तिघेच उरलो होतो. इंजिन सर्वांत पुढे, त्याच्या मागे त्याचा कर्णधार, त्याच्या मागे मी. इंजिनने अशी गती धरली होती की मला सुटून पुढे जायला जागाच नव्हती. त्याला माझे पाय माहीत आहेत. त्यांना काय झेपते आणि काय नाही हे त्याला माझ्याइतकेच कळते. तेवढ्यात आमच्या प्रशिक्षकांची गाडी माझ्या बाजूला आली. त्यांना आम्ही सर म्हणतो. इंजिनही पूर्वी त्यांच्याच हाताखाली होता, त्यामुळे वहिनींकडे त्यांचा नंबर होता.

सरांनी काच खाली केली आणि म्हणाले, "इंजिनच्या बायकोचा फोन आलाय. त्याच्या आईचं काही खरं नाही. सकाळपासून ती त्याच्या मॅनेजरच्या मागे लागलीये आणि याला कोणी काही सांगितलेलंच नाही."

मी विचारले, "मग?"

"मग काय, सांग त्याला. आणि ऐक, तो उतरला तर कर्णधार एकटा पडतो. कर्णधाराचं आज पोट ठीक नाही. शर्यत तुझी आहे."

सर वाईट माणूस नाहीत. दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या, कारण दोन्ही खऱ्या होत्या.

मी जोर लावून इंजिनच्या बरोबरीला गेलो आणि त्याला म्हणालो, "काकूंना दवाखान्यात ठेवलंय. वहिनींचा सरांना फोन आला होता. अवस्था चांगली नाही. उतर आणि आमच्या गाडीत बस, सर तुला पोचवतील."

तो समोर बघत राहिला. मग म्हणाला, "आईला मधे आणू नकोस."

दोन वर्षांनी तो माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य होते.

मी म्हणालो, "अरे, खरं सांगतोय."

"तू?" असे म्हणून तो हसला. "दमायचं नाटक झालं, पंक्चरचं झालं. आता माझ्या आईवर आलास? जरा लाज वाटू दे."

"माझ्यावर नको ठेवूस विश्वास. मॅनेजरला विचार. कानात यंत्र आहे ना, विचार."

त्याने विचारले. गळ्याजवळचे बटण दाबून तो म्हणाला, "साहेब, घरून काही फोन होता का?" उत्तर काय आले ते मला ऐकू येणे शक्य नव्हते. तो मला म्हणाला, "काही फोन नाहीये. तुझ्या नादी लागू नको म्हणाले." त्याच्या संघातल्या सगळ्यांना ते यंत्र एकदमच ऐकू येते. म्हणून मी मागे वळून त्याच्या कर्णधाराला म्हणालो, "तू तरी सांग त्याला." कर्णधार आपल्या हँडलकडे बघत राहिला. त्याला आधीपासून माहीत होते की नव्हते हे मी सांगू शकत नाही.

आम्ही बराच वेळ तसे बरोबरीने चढत होतो. मी आणखी दोनतीनदा सांगून पाहिले. आमच्या बाजूला कॅमेऱ्याची मोटरसायकल होती.

तेव्हा माझ्या लक्षात आले की, तो उतरण्यात माझा फायदा आहे तोवर मी काहीही सांगितले तरी ते त्याला खोटेच वाटणार. त्याच्या जागी मी असतो तर मलाही वाटले असते. म्हणून मी त्याला म्हणालो, "बरं, तू नको थांबूस. मी थांबतो. मी शर्यत सोडतो. मग तर पटेल?" आणि ब्रेक दाबून रस्त्याच्या कडेला पाय टेकला.

इंजिनने वळून बघितले. मी हाताने सरांच्या गाडीकडे खूण केली. त्याची गती कमी झाली. तो सायकलवरून उतरणार असे मला वाटले. त्याच वेळी कर्णधार ओरडला, "संपला! पाय संपले त्याचे! आता ओढ, आता!"

इंजिनने मान पुढे वळवली. तो सीटवरून उठला आणि त्या चढावर त्याने जी गती घेतली तशी मी त्याची पूर्वी कधी पाहिली नव्हती, माझ्यासाठी ओढत होता तेव्हाही नाही. पुढच्या वळणावर दोघे दिसेनासे झाले.

कडेला बघायला आलेली माणसे होती. एका बाईंनी मला पाण्याची बाटली दिली. एकजण ओरडला, "पुरे झालं नाटक, बस सायकलवर!" त्यावर बरेच लोक हसले. मी सायकल सरांच्या गाडीच्या टपावर चढवली. सर मला त्या वेळी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. शर्यतीसाठी रस्ता बंद असल्याने मागे वळता येत नव्हते, त्यामुळे आम्ही शर्यतीच्या मागोमाग वर गेलो. शेवटची रेषा दिसायला लागली तेव्हा सरांचा फोन वाजला. त्यांनी गाडी बाजूला घेऊन तो घेतला आणि माझ्याकडे दिला. वहिनी होत्या. काकू गेल्या होत्या. बाहेर लाउडस्पीकरवर लाल कर्णधाराचे नाव पुकारत होते.

इंजिन सकाळी निघाला असता तर पोचला असता. घाटातून निघाला असता तर पोचला असता की नाही, हे मला सांगता येत नाही.

मी सरांची गाडी घेऊन लाल संघाच्या हॉटेलवर गेलो. हॉटेलच्या मागच्या अंगणात त्यांचा मेकॅनिक सायकली धूत होता. सगळीकडे साबणाचे पाणी झाले होते. इंजिन तिथे पायरीवर बसून बूट काढत होता. मला बघून तो म्हणाला, "काय रे नाटक्या, कसे आहेत पाय?" त्याचा आवाज पूर्वीसारखा होता. जिंकल्यावर माणूस मोठ्या मनाचा होतो, तसा.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग एक बूट हातात तसाच धरून उभा राहिला.

"खरं होतं?"

मी हो म्हणालो.

"आहे ना पण? आत्ता निघालो तर..."

मी नकारार्थी मान हलवली.

तेवढ्यात तक्रारदार मॅनेजर फोनची पिशवी घेऊन बाहेर आले. मला तिथे पाहून त्यांना काय झाले ते कळले असावे. ते इंजिनला म्हणाले, "हे बघ, मी तुला रात्री शांतपणे सांगणारच होतो. इतकं गंभीर असेल असं मला वाटलं नाही. आणि घाटात, यंत्रावर, अशी गोष्ट कशी सांगायची? तूच सांग."

इंजिनने विचारले, "मी विचारलं होतं ना, साहेब?"

मॅनेजर म्हणाले, "अरे, पण तू आज काय ओढलंस! अख्खा संघ तुझा ऋणी आहे."

त्यावर इंजिनने त्यांच्या छातीवर दोन्ही हात ठेवून त्यांना ढकलले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आणि ते मी नाकारत नाही. मॅनेजर मागे गेले, साबणाच्या पाण्यावरून त्यांचा पाय सरकला आणि सायकल टांगण्याच्या लोखंडी स्टँडवर ते खांद्याच्या बाजूने पडले. ढकलल्यामुळे पडले की घसरून पडले, हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही. इंजिनने लोखंडी पंपाने खांद्यावर वार केला असे तक्रारीत आहे, आणि मेकॅनिकनेही तसे सांगितल्याचे मला कळले. ते खोटे आहे. पंप पूर्ण वेळ मेकॅनिकच्या पायाशी पडलेला होता. इंजिनच्या हातात बूट होता, तोही ढकलताना खाली पडला. मॅनेजर पडल्यावर इंजिन त्यांना उठवायला वाकला होता. त्यांनी त्याचा हात झटकला.

इंजिन घटनेनंतर पळून गेला असेही तक्रारीत आहे. तो पळाला नाही. त्याच्या दंडाला धरून मी त्याला गाडीत बसवले. एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा, अशा स्थितीत तो होता. लाल संघाचा कर्णधार आवाज ऐकून खाली आला होता. त्याच्या अंगावर आघाडीची जर्सी होती. तो गाडीपर्यंत आला आणि काचेवर हात ठेवून उभा राहिला. मी गाडी सुरू केल्यावर त्याने हात काढला.

मी इंजिनला चिथावले का, असे मला विचारण्यात आले. घाटात मी त्याला जे सांगितले आणि अंगणात जे सांगितले ते वर आले आहे. त्यापलीकडे मी त्याला काही सांगितले नाही.

दवाखान्यापर्यंत गाडी मी चालवली. वाटेत इंजिन एकदाच बोलला.

म्हणाला, "तू खरंच थांबला होतास?"

"हो."

"मला वाटलं, तुझे पाय संपले."

"माहीत आहे."

"मी वळून बघितलं. मला बरं वाटलं रे. मी अजून जोर लावला."

"बघितलं मी," असे मी म्हणालो. यापेक्षा दुसरे काही बोलायला हवे होते असे आता वाटते. तेव्हा सुचले नाही.

आम्ही संध्याकाळी दवाखान्यात पोचलो. काकूंना अजून त्यांच्याच खोलीत ठेवले होते. इंजिन आत जाऊन त्यांच्या पायाशी बसला. वहिनी रडून रडून शांत झाल्या होत्या. त्या आम्हाला सांगू लागल्या की, खोलीतला टीव्ही काकूंनी लावायला लावला होता. शेजारी दुसरी पेशंट झोपलेली असल्याने आवाज बंद होता. घाटात आम्ही दोघे बरोबरीने चढताना दिसलो तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं बघ, बोलतायत." त्यांनी वहिनींना उशी उंच करायला सांगितली. आम्ही बोलत होतो तेवढा वेळ त्या एकटक बघत होत्या. "किती बोलतायत बघ," असे दोनदा म्हणाल्या. पुढे मी कडेला थांबलेला दिसलो, तर काकूंनी विचारले, "हा का थांबला?" वहिनी म्हणाल्या, "दमले असतील भाऊजी." काकू म्हणाल्या, "तो? तो कसला दमतोय!" मग त्यांनी डोळे मिटले. वहिनींना वाटले, झोप लागली.

हे सांगून वहिनींनी मला विचारले, "काय बोलत होतात हो भाऊजी, तुम्ही दोघं? निरोप मिळाला असता तर हे निघालेच असते, मग एवढं काय बोलत होतात?"

इंजिन माझ्याकडे बघत होता.

मी वहिनींना सांगितले की, आम्ही झालं गेलं सोडून द्यायचं ठरवत होतो, आणि शर्यत संपली की दोघांनी मिळून काकूंना भेटायला यायचं असं आमचं चाललं होतं. वहिनींनी इंजिनला विचारले, "हो का?" तो "हो" म्हणाला, आणि त्याने काकूंच्या पायांवर डोके ठेवले. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "बघा, कळलं होतं त्यांना."

वहिनींना मी सांगितले ते खोटे आहे. त्या दिवशी मी दुसरे काही खोटे बोललेलो नाही.

या जबाबाची प्रत दोन्ही बाजूंना मिळते, असे जबाब लिहून घेणाऱ्या पोलीस साहेबांनी मला समजावून सांगितले. म्हणजे ती वहिनींच्या हातात पडणार. घाटातला भाग गाळता येईल का, असे मी विचारले. साहेब म्हणाले, "तो गाळला तर तुम्ही भर शर्यतीत का थांबलात, ते कोणाला कळायचं नाही. आणि तेच पटलं नाही, तर पंपाबद्दल तुमचं कोण ऐकणार?" त्यांचे म्हणणे बरोबर आहे. घाटातला भाग राहू द्यावा, असे मी सांगितले. इंजिनला हे मी आज इथून बाहेर पडल्यावर सांगणार आहे. तो बाहेर बाकावर बसला आहे.

माझा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. वाचण्यापूर्वी मी विनंती केल्यावरून खोलीचे दार लावून घेण्यात आले. तो मी सांगितला तसाच उतरला आहे आणि खरा आहे, म्हणून त्याखाली सही करतो.